वयाबरोबर सायकलस्वाराचे काय घटते?

सोलापुरातल्या एका शाळेत दहावीची मुले संगणकावर सायकल शर्यतींचा खेळ खेळताना आम्ही पाहिली. यात आपण संघाचे व्यवस्थापक असतो. प्रत्येक स्वाराला चढ, वेग, दमसास यांचे गुण दिलेले असतात. एका मुलाने बत्तीस वर्षांच्या स्वाराला संघातून काढले. का, तर "आता त्याचे सगळे गुण उतरणार." शेजारी उभे असलेले सर चाळिशीचे, रोज सायकलने शाळेत येणारे! गुण उतरतात हे खरे, पण 'सगळे' आणि एकदम?

आधी हृदय घेऊ. वय वाढते तसे हृदयाचे कमाल ठोके कमी होतात. 208 मधून वयाची 0.7 पट वजा करावी, असे एक ढोबळ सूत्र आहे. विसाव्या वर्षी 194, चाळिसाव्या वर्षी 180. ही सरासरी आहे; प्रत्यक्षात माणसामाणसांत बराच फरक असतो. ठोके घटले की स्नायूंना मिनिटाला मिळणारे रक्त आणि प्राणवायूही घटतो. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर दमसास बराचसा अवलंबून असतो. तिशीनंतर ही क्षमता दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी घटते. कसून सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी दिसते.

स्नायूंची गोष्ट वेगळी. त्यांत जलद आकुंचन पावणारे आणि मंद पण चिवट असे दोन प्रकारचे तंतू असतात. वयाबरोबर जलद तंतू अधिक झिजतात. म्हणून शेवटच्या दोनशे मीटरची मुसंडी आधी जाते, दमसास मागाहून.

आता सोलापूरहून तुळजापूरला निघू. अंतर सुमारे 45 किलोमीटर, शेवटी घाट. घाटात निव्वळ ताकद नव्हे, तर ताकद भागिले वजन हा आकडा महत्त्वाचा. चाळिशीत पोट सुटले की भाजक वाढतो. दोष मात्र वयाच्या माथी मारणे सोयीचे! उलट वाऱ्यात दुसऱ्याच्या मागे राहून शक्ती वाचवणे, केव्हा जोर लावायचा हे ओळखणे, या गोष्टी वर्षांनीच येतात. अमेरिकेचा ख्रिस हॉर्नर 2013 साली 41 व्या वर्षी स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत जिंकला. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 साली, चाळिशीच्या आसपास असताना, अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ करून पुरी केली.

तेव्हा मुलांना आलेखाच्या कागदावर एकाऐवजी तीन रेषा काढायला सांगावे: मुसंडीची, दमसासाची आणि जाणकारीची. सरावाने रेषा कशी वाकते, हेही विचारावे. त्यासाठी फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांचे उदाहरण घ्यावे. 101 ते 103 या वयात सराव बदलल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता किलोमागे मिनिटाला 31 वरून 35 मिलिलिटर झाली. तासाभरात त्यांनी 2012 साली, शंभराव्या वर्षी, 24.25 किलोमीटर अंतर कापले होते. 2014 साली ते 26.927 झाले. 2017 साली, वयाच्या 105 व्या वर्षी, 22.547. शेवटच्या तीन वर्षांतली घट किती टक्के, हे मुलांनीच काढावे.