सेप्सिस : क्षोभ आणि उपासमार

पायांत कांटा रुतून चिघळलेली जखम, फुप्फुसांतील न्युमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, बाळंतपणानंतर गर्भाशयांत झालेला जंतुसंसर्ग, हे विकार परस्परांहून किती भिन्न ! तरी ह्या सर्वांचा शेवट कधीं कधीं एकाच भयंकर अवस्थेंत होतो. तिला सेप्सिस म्हणतात. ‘रक्तांत विष भिनलें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु तें विष केवळ जंतूंचें असतें ही समजूत सोडून द्यावयास हवी. २०१६ सालीं तज्ज्ञांनीं केलेल्या व्याख्येप्रमाणें, संसर्गाला शरीर जो बेताल प्रतिसाद देतें त्यानें इंद्रियांचें कार्य बिघडून जिवावर बेतणें म्हणजे सेप्सिस होय.

एरवीं जखमेंत जंतु शिरले कीं तेथील पांढर्‍या पेशी त्यांना ओळखतात आणि सायटोकाइन नांवाचीं द्रव्यें सोडून इतर पेशींना हांक देतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती किंचित् सैल होतात आणि लढणार्‍या पेशी बाहेर पडतात. जागा सुजते, ठणकते. ती सूज संरक्षणाचीच खूण असते. सेप्सिसमध्यें हाच व्यवहार एका बोटापुरता न राहतां सर्व देहभर चालू होतो. सगळ्याच वाहिन्या सैल झाल्यावर रक्तांतील पाणी बाहेर झिरपतें व रक्तदाब उतरतो. केशवाहिन्यांत गुठळ्या अडकतात आणि त्यांच्या पलीकडील भाग प्राणवायूला मुकतो.

मग हा क्षोभ शमविला म्हणजे झालें, असें कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसेंच वाटलें होतें. गुठळ्या व दाह आवरण्यासाठीं अमेरिकेंत २००१ सालीं मान्यता पावलेलें एक औषध २०११ सालीं बाजारांतून परत घ्यावें लागलें, कारण नव्या चांचणींत त्यानें मृत्यु घटल्याचें दिसलें नाहीं. अडचण अशी कीं, क्षोभाबरोबरच प्रतिकारशक्तीचा ऱ्हासही चालू असतो. लिंफोसाइट नांवाच्या पेशी मोठ्या संख्येनें मरतात, उरलेल्या सुस्तावतात. म्हणून पहिल्या तडाख्यांतून वाचलेला रोगी पुढें एखाद्या क्षुल्लक जंतूला बळी पडतो; वर्षानुवर्षें अंगांत निद्रिस्त असलेले विषाणूही डोकें वर काढतात.

शरीराच्या जमाखर्चांत उडणारा गोंधळ तर याहून विलक्षण. देह स्वतःचे स्नायू मोडून यकृताला कच्चा माल पुरवितो आणि यकृत साखर करीत राहतें. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. त्यामुळें ज्याला कधीं मधुमेह नव्हता त्याच्याही रक्तांत साखर वाढते. पेशींच्या दाराशीं अन्न येऊन पडलेलें आणि आंत चूल मात्र विझत चाललेली ! ही चूल म्हणजे पेशींतील मायटोकाँड्रिया. तीं मंदावलीं कीं पोंचलेला प्राणवायुही नीट वापरतां येत नाहीं. साखर घाईघाईनें, तुटपुंज्या मार्गानें फोडली जाते आणि रक्तांत लॅक्टेट सांठूं लागतें. डॉक्टर तें मोजतात तें ह्याच कारणानें.

येथें एक नवल सांगण्याजोगें आहे. सेप्सिसनें दगावलेल्यांचीं मूत्रपिंडें तपासलीं तर निकामी होऊनही त्यांतील मेलेल्या पेशी थोड्याच आढळतात. उन्हाळ्यांत बेडूक चिखलांत दडी मारतो, तशा ह्या पेशी जीव वांचविण्यासाठीं काम थांबवीत असाव्यात, असें कांहीं संशोधक मानतात. मला हें मत पटतें. कारण वाचलेल्या पुष्कळ रोग्यांचीं मूत्रपिंडें पुन्हा चालूं लागतात.

२०१७ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें ४ कोटि ८९ लक्ष लोकांना सेप्सिस झाला व १ कोटि १० लक्ष मृत्यु त्याच्याशीं निगडित होते, असा अंदाज आहे. संसर्ग झालेला मनुष्य एकाएकीं बरळूं लागला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहूं नये. वृद्धांना पुष्कळदां तापही येत नाहीं, उलट अंग थंड पडतें. घरचीं माणसें तेवढ्यानेंच फसतात. रक्तदाब ढासळला असेल तर जंतुनाशक औषध तासाभराच्या आंत मिळावें लागतें, आणि पू सांठला असल्यास तो काढावा लागतो.

घरीं परतलेल्या रोग्याला महिनोन्‌महिने जिना चढवत नाहीं, नांवें आठवत नाहींत. त्याला कोणी आळशी म्हणूं नये. त्याचे स्नायू दुखण्यांत खर्ची पडलेले असतात. ह्या अवधींत पुन्हा ताप आला तर तो त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावा.