घशातून उचललेली जनुकं

वांगणीत काय, बदलापुरात काय, घसा धरला की मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनची पट्टी आणायची, दोन गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की उरलेली डब्यात टाकायची, हे सर्रास चालतं. त्या गोळ्यांचा परम्याशी, म्हणजे गोनोरियाशी, काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण तो आहे, आणि थेट जनुकांत आहे.

गोनोरियाचा जिवाणू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. ‘नायसेरिया’ हे कुळाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. या कुळातले निरुपद्रवी जिवाणू आपल्या सगळ्यांच्या घशात असतात. प्रतिजैविकाच्या माऱ्यात त्यांतले दाद न देणारे तेवढे तगतात. मुखमैथुनातून गोनोरियाचा जिवाणू त्यांच्यात येऊन बसतो. बहुतेकदा घसा दुखतही नाही. मेलेल्या शेजाऱ्यांचा मोकळा डीएनए तो अंगावरच्या बारीक तंतूंनी आत ओढतो. तोही पारखून: १० अक्षरांची कुळाची खूण असलेला तुकडा त्याला जास्त मानवतो. तो तुकडा मग त्याच्या सुमारे २२ लाख अक्षरांच्या जनुकसंचात बसतो. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाची जनुकं काही वाणांत अशीच गोधडीसारखी जोडलेली सापडतात. २००९ मध्ये क्योटोत सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणारा वाण मिळाला, तोही घशाच्याच नमुन्यात. सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं त्याआधीच हातची गेली होती.

ते तंतूही सतत रूप पालटतात. त्यामुळे शरीराला ओळख पटत नाही आणि बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडतो. पुरुषाला जळजळ होते, पू येतो. अनेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही, आणि पुढे कधीकधी गर्भनलिका बंद होऊन मूल राहत नाही. म्हणून नवऱ्याने एकट्याने गुपचूप औषध घेणं मला सर्वांत घातक वाटतं. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारालाही औषध देतात, तेही मोफत. लाज वाटते हे खरं, पण तिथे नाव गुप्त राहतं.

अडचण एकच: आपल्याकडे बहुधा लक्षणं पाहूनच औषध दिलं जातं, जिवाणू वाढवून पाहिला जात नाही. तो शरीराबाहेर लवकर मरतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत झटपट पोहोचावा लागतो. निदान औषध घेऊनही ज्याचा पू थांबला नाही, त्याचा नमुना तरी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या ठिकाणी घेतला जायलाच हवा. कुठला वाण फिरतो आहे ते त्यातूनच कळेल.