दगडी वर्तुळांचे गणित

ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडच्या माळरानांवर, उभ्या दगडांची शेकडो वर्तुळे आहेत. ती चार-पाच हजार वर्षांपूर्वी, लेखनकला ठाऊक नसलेल्या लोकांनी उभारली. (आपल्या नागपूरजवळ जुनापाणीलाही शिलावर्तुळे आहेत, पण ती पुष्कळ नंतरची, लोहयुगातील दफनांची. त्यांची कथा निराळी.)

ऑक्सफर्डचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांनी ही वर्तुळे मोजण्यात वर्षानुवर्षे घालविली. १९५५ साली त्यांनी आपला निष्कर्ष संख्याशास्त्रज्ञांपुढे ठेवला आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, साऱ्या ब्रिटनभर २.७२ फुटांचे एकच माप चालत होते. शिवाय यांतली पुष्कळ वर्तुळे खरी वर्तुळे नाहीतच. काही एका अंगाने चपटी, काही लंबवर्तुळाकार, तर काही अंड्यासारखी. या अंडाकृतींच्या पोटात थॉमना काटकोन त्रिकोण दिसले, काही तर ३, ४, ५ अशा बाजूंचे. म्हणजे पायथागोरसच्या हजार वर्षांहून आधी ही विद्या तिथे होती!

आता आपण विचाराल, मोजमापांतून असे हरवलेले माप शोधायचे कसे? प्रत्येक व्यासाला त्या मापाने भागावे आणि बाकी पाहावी. माप खरे असेल तर बाक्या शून्याच्या आसपास गोळा होतील. नसेल तर विखुरतील. मात्र यात एक मोठी मेख आहे. शेकडो मापे लावून पाहिली, तर त्यांतले एखादे योगायोगानेही बऱ्यापैकी जुळतेच. म्हणून १९७४ साली डेव्हिड केंडॉल या संख्याशास्त्रज्ञाने, ज्यांत कसलेच माप दडलेले नाही अशा आकड्यांचे संच संगणकाकडून तयार करविले आणि त्यांत इतके चांगले जुळणारे माप कितीदा सापडते ते तपासले. असे क्वचितच घडले. तेव्हा स्कॉटलंडच्या वर्तुळांत काहीतरी माप होते, एवढे मानायला जागा उरली.

पण ‘काहीतरी माप’ आणि ‘थॉम यांचा गज’ यांत अंतर आहे. आपल्याकडे कापड हाताने मोजीत. प्रत्येकाचा हात वेगळा, तरी हजार मोजण्यांत सरासरी दिसणारच. तिथे पावले मोजली असतील, तरी आकड्यांत असाच ठसा उमटेल. मग एका केंद्रातून सर्वत्र गज पाठविले जात, ही थॉमची कल्पना अनावश्यक ठरते, आणि मला तरी ती कधीच पटली नाही.

राहिले आकार. १९८४ साली बार्नेट आणि मॉयर या संशोधकांनी दाखविले की, बहुतेक आकार नुसत्या नजरेने आखले तरी असेच वाकडेतिकडे निघू शकतात. मैदानावर दोरीवाचून बारा विटांचे वर्तुळ मांडून पाहा. एक बाजू चपटी होतेच. थॉमचे त्रिकोण असे डळमळले, पण त्यांनी काढलेले नकाशे मात्र पुरातत्त्वज्ञ आजही हाताशी ठेवतात.