हृदयाची धडधड : गोळ्या की ॲब्लेशन?

छातीत अचानक धडधड सुरू होते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि काही वेळाने सारे पूर्ववत होते. अमरावती किंवा अकोल्यातील दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात. ईसीजी निर्दोष निघतो आणि 'उन्हामुळे झाले असेल' म्हणून विषय संपतो. पुढे निदान झाले की प्रश्न उभा राहतो : आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या की ॲब्लेशन करून घ्यायचे? याचे उत्तर विकाराच्या प्रकारावर अवलंबून आहे.

ॲब्लेशन म्हणजे काय?

हृदयाच्या ठोक्यांमागे विद्युत्‌संदेश असतात. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. या संदेशांना आडवाट मिळाली की लय बिघडते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने ती आडवाट बंद करणे म्हणजे ॲब्लेशन. छाती उघडावी लागत नाही.

कोणाला काय योग्य?

'एसव्हीटी' या प्रकारात ठोके एकाएकी दीडशे-दोनशेवर जातात. अनेकदा तरुणांनाही हा त्रास होतो. येथे ॲब्लेशन बहुतेक रुग्णांना कायमचे बरे करते. मूळ विद्युत्‌मार्गालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका असतो, पण तो अल्प असतो. झटके क्वचित येत असतील, तर गोळ्यांवर किंवा औषधाविनाही भागते.

'एट्रियल फिब्रिलेशन'चे गणित वेगळे आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील ३०३ रुग्णांच्या अभ्यासात, वर्षभरात लय पुन्हा बिघडण्याचे प्रमाण आधी ॲब्लेशन केलेल्यांत सुमारे ४३ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६८ टक्के होते. म्हणजे ॲब्लेशन सरस. पण खात्रीचे नव्हे. २०१९ च्या 'कबाना' या २,२०४ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू, पक्षाघात आदींच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. जीवनमान मात्र ॲब्लेशनने अधिक सुधारले.

औषधेही निर्धोक नसतात. अमिओडॅरोन प्रभावी असले, तरी थायरॉइड, यकृत व फुप्फुसांवर दुष्परिणाम करू शकते. त्यामुळे नियमित तपासण्या आवश्यक ठरतात.

गैरसमज टाळा

ॲब्लेशन झाले म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी सुटली, असे नाही. तिचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह अशा पक्षाघाताच्या धोक्यांवरून होतो. संधिवाताच्या तापाने झडप आकुंचन पावलेल्या रुग्णांत जुन्या वॉरफेरिनच्या गटातील औषधेच अधिक हितकारक असल्याचे २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात दिसले. या गोळीसोबत मेथी, पालक, अंबाडी सोडावी लागत नाही. खाण्याचे प्रमाण स्थिर ठेवावे आणि आयएनआर तपासणी चुकवू नये.

वऱ्हाडातील रुग्णाला या प्रक्रियेसाठी अनेकदा नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे, तर अकोल्याहून अडीचशे किलोमीटर आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : माझा विकार नेमका कोणता? यशाची शक्यता किती? पुन्हा प्रक्रिया लागेल का? खर्च विमा वा शासकीय योजनेत बसतो का? धडधडीच्या वेळी काढलेला ईसीजी सोबत असावा. निर्णयाचा खरा आधार तोच. धडधडीसोबत शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र विचार करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.