शहराचा डीपी ठरतो कसा, आणि त्यात आपण कुठे असतो?

घरासमोरच्या मोकळ्या जागेला एक दिवस पत्रे लागतात. चौकशी केली की उत्तर मिळतं, "डीपीत तसंच आहे." हा डीपी ठरवला कुणी? आणि तेव्हा आपल्याला विचारलं होतं का?

कायद्याप्रमाणे, हो. विचारलं होतं. अडचण आहे ती कधी आणि कसं विचारलं यात.

डीपी म्हणजे काय?

डीपी म्हणजे विकास आराखडा. पुढच्या साधारण 20 वर्षांत शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची, हे त्यात ठरतं. शाळा, दवाखाना, मैदान, मंडई, रस्ता यांसाठी जागा राखून ठेवली जाते. त्याला म्हणतात 'आरक्षण'. महाराष्ट्रात हे काम 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार चालतं.

आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. नियोजन समितीपुढे सुनावणी होते. शेवटी आराखडा राज्य सरकारच्या मंजुरीला जातो.

म्हणजे लोकांना बोलावलं जातं, पण बहुतेक रेषा आखून झाल्यावर.

लोक बोलले तर फरक पडतो का?

मुंबईचं उदाहरण बघा. 2034 पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते, प्रार्थनास्थळांच्या नोंदी चुकल्या होत्या, आरेमध्ये विकासाला वाट दिली होती. हजारो हरकती आल्या. एप्रिल 2015 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

लोक बोलले म्हणून चुका सापडल्या. पण आपल्या गल्लीतून रस्ता जात नाही, तिथे इमारत उभी आहे, हे तिथे राहणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. त्याला सुरुवातीलाच विचारलं असतं तर काही वर्षं वाचली असती.

मग सुटतं कोण?

हरकत घ्यायची तर आधी नोटीस दिसायला हवी, नकाशातले रंग कळायला हवेत आणि सुनावणीच्या दिवशी कामावर सुट्टी मिळायला हवी. सोसायटीला वकील किंवा आर्किटेक्ट मिळतो. घरकाम करणाऱ्या बाईला, फेरीवाल्याला, झोपडपट्टीतल्या कुटुंबाला हे तिन्ही जमणं कठीण. ज्यांना सार्वजनिक नळ, शौचालय आणि दवाखान्याची गरज सर्वात जास्त, त्यांचाच आवाज कागदावर सर्वात कमी येतो.

म्हणून सहभाग म्हणजे फक्त नोटीस छापणं नाही. नकाशा वस्तीत लावणं, मराठीत समजावून सांगणं, संध्याकाळी बैठक घेणं, बायकांना आणि अपंगांना वेगळं विचारणं, हे सगळं त्यात येतं.

आपण काय करू शकतो?

- नकाशा पाहा. पालिकेच्या नगररचना विभागात किंवा वेबसाइटवर आपल्या भागाचा डीपी शोधा. शेजारच्या मोकळ्या जागेवर कशाचं आरक्षण आहे, ते बघा.
- आरक्षणावर लक्ष ठेवा. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होतं. नकाशावरचं मैदान असंही जातं.
- हरकत लेखी द्या. सर्वे नंबर, फोटो आणि नेमकी मागणी लिहा. "मैदान वाचवा" यापेक्षा "या जागेवरचं मैदानाचं आरक्षण कायम ठेवा" हे समितीला नाकारायला कठीण जातं. पोच घ्यायला विसरू नका.
- छोट्या कामांसाठी बजेट गाठा. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. पदपथ, दिवे, बाक अशी ही कामं. सुचवलेलं प्रत्येक काम होतंच असं नाही, पण मागणी नोंदीवर येते.

आराखडा 20 वर्षांसाठी असतो. आज बालवाडीत असलेलं पोर तोवर नोकरीला लागलेलं असेल. त्याला खेळायला मैदान मिळालं की नाही, हे एका नकाशावर ठरतं. तो एकदा उघडून बघा आणि आपल्या बिल्डिंगच्या, वस्तीच्या ग्रुपवरही टाका.