वात, वेढे आणि टाकी

लेस्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर बारीक तारेचं रीळ, छोटा पेचकस, कात्री, सिरॅमिकच्या टोकांचा चिमटा आणि पांढऱ्याशुभ्र कापसाच्या पट्ट्या. आबांनी एक पट्टी उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरून सवयीनं पीळ दिला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आरं, ही तर वात हाय की!"

"वातच आहे, आबा. पण पीळ देऊ नका. पीळ दिला की रस चढत नाही."

आबा मूळचे साताऱ्याकडचे. इथे 30 वर्षं बस चालवली आणि त्याहून जास्त वर्षं सिगारेट ओढली. डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितल्यावर ते माझ्याकडे आले, कारण मीही ई-सिगारेटच्या, म्हणजे वेपच्या, वाटेनं सिगारेटमधून बाहेर पडलो होतो. त्यांना स्वस्तातलं, टिकाऊ आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त होईल असं काहीतरी हवं होतं. त्या संध्याकाळी आम्ही जी वस्तू उघडून बसलो, तिचाच हा परिचय. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला आरटीए म्हणतात. आपल्या भाषेत, पुन्हा पुन्हा बांधता येणारी टाकी. तिच्यातला रस, म्हणजे निकोटीनचा द्रव, तापून त्याची वाफ होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे यंत्र फक्त सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही त्यानं याच्या वाटेला जाऊ नये, आणि मुलांच्या हाती तर हे कधीच पडू नये. निकोटीनची सवय लागते, आणि वाफ काही स्वच्छ हवा नव्हे. पण जळणाऱ्या तंबाखूच्या धुरात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, ते या वाफेत नसतात. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं 2015 साली वेपिंग हे सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर वाद झाले, तरी सिगारेट सोडण्याचं एक साधन म्हणून इथली आरोग्यसेवा वेपकडे आजही बघते.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 साली धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1965 मध्ये पेटंट मिळालंही, पण बाजारात काही आलं नाही. आजच्या ई-सिगारेटचं श्रेय चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांना जातं. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत, आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. 2003 च्या सुमारास त्यांनी आपलं उपकरण तयार केलं. पुढे शेन्झेनच्या कारखान्यांतून त्याचे असंख्य प्रकार जगभर गेले.

त्यातल्या बहुतेक प्रकारांत रस तापवणारी तारेची कॉइल कारखान्यातून बंद होऊन येते. आठ-पंधरा दिवसांत चव जळकट झाली की ती फेकायची आणि दोन-तीन पौंड देऊन नवी घ्यायची. ही फेकाफेक ज्यांना पटली नाही, त्यांनी स्वतःच तार वळायला आणि कापूस भरायला सुरुवात केली. त्यातून ही टाकी घडत गेली. जर्मनीच्या स्वोएमेस्तो या छोट्या कंपनीच्या 'कायफुन'नं 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला तिला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकानं आजच्या स्वस्त टाक्यांतही दिसतं.

आबांपुढे मी टाकी पूर्ण उघडली. तळाला पितळी किंवा स्टीलची चकती, तिला डेक म्हणतात. डेकवर दोन छोटे खांब. एक बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेला, दुसरा ऋण टोकाशी. दोन खांबांमध्ये तारेचे वेढे, म्हणजे कॉइल. वेढ्यांच्या पोटातून आरपार गेलेली कापसाची वात. वर घुमटासारखं झाकण, त्यातून वर निघालेली नळी, तिच्याभोवती काचेची नळकांडी आणि शेवटी तोंडाशी येणारं टोक. सांध्यासांध्यावर रबराच्या ओ-रिंगा. एवढीच काय ती सामग्री. खालचा आटा 7 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि बहुतेक सगळ्या कंपन्या तोच वापरतात. त्यामुळे एका कंपनीची टाकी दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीपेटीवर बिनदिक्कत बसते.

"समदा रस खाली का सांडत न्हाई?" आबांनी नेमका प्रश्न विचारला.

"तुमच्याकडे कोंबडीच्या पिल्लांना पाणी कसं ठेवायचे?"

त्यांचे डोळे चमकले. भरलेली बाटली ताटलीत उपडी ठेवायची. ताटलीतलं पाणी पिल्लांनी प्यायलं की बाटलीच्या तोंडाशी फट पडते, एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. टाकीही याच तत्त्वावर चालते. कापसाची टोकं रसाच्या वाटांवर बुचासारखी बसलेली असतात. वातीतला रस वाफ होऊन गेला की ती टाकीतून नवा रस ओढते आणि त्याच्या जागी हवेचा बुडबुडा वर जातो. कापूस कमी पडला तर हवा मोकळी शिरते आणि रस खालच्या छिद्रांतून गळतो. कापूस ठासून भरला तर वात कोरडी पडते. तापलेली तार मग रसाऐवजी कापूस जाळते, आणि करपट धुरात फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. निरंजनाला लागू पडतं ते इथेही पडतं. वात सैल हवी, पण पोकळ नको.

हे मी स्वतःचा सदरा खराब करून शिकलो. माझी पहिली टाकी मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतली. दोन कॉइलची, चकचकीत, नवशिक्याला मुळीच न झेपणारी. दोन्ही कॉइल सारख्या बसेनात, कापूस चार ठिकाणी नीट बसवावा लागे, आणि पहिल्याच दिवशी खिशात गळून सगळा रस सदऱ्यावर पसरला. तेव्हापासून नवशिक्याला टाकी निवडून देताना मी काही गोष्टी पक्क्या धरतो.

पहिली गोष्ट, एकच कॉइल. दोन कॉइलला तार दुप्पट, कापूस दुप्पट, बॅटरीवर भारही जास्त. चुकण्याच्या जागाही दुप्पट.

दुसरी, डेक मोकळा हवा आणि तारेचे पाय धरायची सोय साधी हवी. काही टाक्यांत तार स्क्रूभोवती गुंडाळावी लागते आणि स्क्रू फिरवला की ती निसटते. खांबाला खाच किंवा भोक असेल, त्यात तार सरकवून वरून स्क्रू आवळता येत असेल, तर पहिल्या दिवशीही काम जमतं. स्क्रूची खाच खोल असावी. एकदा खाच झिजली की टाकीचं आयुष्य संपलं.

तिसरी, हवा कुठून येते. हवेची छिद्रं तळाला असतील तर चव छान येते, पण कापूस चुकला की गळती ठरलेली. छिद्रं वर असतील तर रसाला बाहेर पडायला वाटच कमी. गीकव्हेपच्या 'झ्यूस' टाक्या याच गुणामुळे नवशिक्यांमध्ये नावाजल्या.

चौथी, झुरका कसा हवा. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो आणि मग छातीत. त्याला तशाच आखूड, आवळ झुरक्याची टाकी द्यावी. इनोकिनची 'अॅरेस' त्या प्रकारातली. उलट थेट छातीत वाफ घ्यायच्या टाक्यांना हवा भरपूर, वॅट जास्त आणि रसही जास्त लागतो. नवखा माणूस तिथे खोकून बेजार होतो आणि संध्याकाळी परत सिगारेटकडे वळतो.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जादा काच, ओ-रिंगा आणि स्क्रू डब्यातच येतात का, आणि पुढेही सुटे मिळतात का? स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक इथे कळतो. ब्रिटनमध्ये चांगली साधी टाकी 20 ते 40 पौंडांत मिळते. त्याखालीही मिळतात, पण दोन पौंडांची काच फुटल्यावर ती कुठेच मिळाली नाही, तर वाचलेले पैसे फुकट गेले.

आबांसाठी आम्ही एका कॉइलची, आवळ झुरक्याची टाकी घेतली. तार घेतली 28 गेजची कान्थल. लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू स्वीडनमधल्या हाल्स्टाहामारच्या हान्स फॉन कान्त्सो यांनी 1920 च्या दशकात घडवला. तापल्यावर त्याच्या अंगावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याला गंजण्यापासून, जळण्यापासून राखतो. भट्ट्यांपासून टोस्टरपर्यंत उष्णता देणाऱ्या किती तरी वस्तूंत ही तार असते.

अडीच मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर आबांनी सहा वेढे घेतले. रोध आला जवळजवळ 1 ओहम. पूर्ण भरलेली बॅटरी 4.2 व्होल्ट देते, म्हणजे 1 ओहमच्या कॉइलमधून जास्तीत जास्त 4.2 अँपिअर प्रवाह जातो. बॅटरीला हे सहज झेपतं. तीच कॉइल 0.2 ओहमची केली तर प्रवाह 21 अँपिअरवर जातो, आणि साध्या बॅटरीसाठी तो जिवावरचा खेळ ठरतो. म्हणून नवशिक्यानं 1 ओहमच्या आसपासच राहावं. बॅटरीपेटीही अशी घ्यावी, जी रोध स्वतः मोजते आणि दोन टोकं एकमेकांना चिकटली तर वीज तोडते. 18650 आकाराच्या बॅटरीचं वेष्टण कुठेही फाटलं असेल तर ती वापरू नये. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात कधीच टाकू नये, प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवावी.

कॉइल खांबांत आवळली. हवेच्या छिद्राच्या थोडी वर, कडेच्या धातूला न टेकता. तारेची उरलेली टोकं अगदी मुळाशी कापली. कमी वॅटवर बटण क्षणभर दाबलं. एक बाजू आधी लाल झाली. बटण सोडून मी चिमट्यानं वेढे हलकेच दाबले. तिसऱ्या खेपेला लाली मधोमध उमटली आणि दोन्ही कडांना सारखी पसरली.

मग वात. आबांनी पट्टीचं टोक निमुळतं केलं आणि वेढ्यांतून सरकवलं. कापूस जाताना थोडा अडला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. दोन्ही बाजूंची टोकं तिरकी कापून, विंचरून, रसाच्या वाटांवर अलगद टेकवली. रसाचे थेंब सोडताच पांढरा कापूस हळूहळू पारदर्शक झाला. टाकी भरून आम्ही पाच मिनिटं तशीच ठेवली. वात पूर्ण भिजल्याशिवाय बटण दाबायचं नसतं. इतक्या वर्षांत आबांना एका झुरक्यासाठी पाच मिनिटं थांबलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

खर्चाचं गणितही त्या टेबलावरच मांडलं. एका कॉइलला कापलेल्या टोकांसह सुमारे 10 सेंटिमीटर तार लागते. 10 मीटरचं रीळ तीन-चार पौंडांना, म्हणजे 100 कॉइल. कापसाची पिशवी कित्येक महिने पुरते. वात दर चार-सहा दिवसांनी बदलायची, कॉइल मात्र साफ करून काही आठवडे चालते. खर्च उरतो तो रसाचा. ब्रिटनच्या नियमांनुसार टाकीत 2 मिलिलिटरपेक्षा जास्त रस मावता कामा नये, निकोटीनच्या रसाची बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी, आणि निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर नसावं.

या काटकसरीला आणखी एक बाजू आहे. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये एकदाच वापरायचे सुमारे 50 लाख वेप दर आठवड्याला फेकले जात होते. प्रत्येकात लिथियमची एक बॅटरी. कचऱ्याच्या गाड्यांत आगी लागू लागल्या, आणि रंगीबेरंगी नळ्या शाळकरी मुलांच्या खिशात गेल्या. अखेर 1 जून 2025 पासून इथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली. मला ती बंदी योग्यच वाटते. स्टोव्हची पिन आणि वॉशर घरच्या घरी बदलणाऱ्या घरात मी वाढलो. आठ दिवसांत कचऱ्यात जाणारी बॅटरी मला बघवत नाही.

भारतातल्या वाचकांना मात्र एक सांगणं आहे. 2019 च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळ्यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसांनी हे सामान घरीच ठेवून निघावं, आणि भारतातल्या कुणी कुणाकडून मागवू नये. सिगारेट सोडायची असेल तर निकोटीनची च्युइंग गम, पॅच आणि डॉक्टरांचा सल्ला भारतातही मिळतो.

आबांनी 12 मिलिग्रॅम निकोटीनच्या रसापासून सुरुवात केली. दर रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते वात बदलत. जुनी वात बाहेर काढून उजेडात धरत आणि ती किती काळवंडली ते बघत. गोड रसानं लवकर काळी होते हे त्यांनीच शोधलं आणि गोड रस सोडला. पुढे 6 मिलिग्रॅम, मग 3. मग दोन रविवारांमधलं अंतर वाढत गेलं.

परवा ते घरी आले आणि तारेचं रीळ टेबलावर ठेवलं.

"ही ठेव तुझ्याकडं. दुसरं कोणी आलं तर लागंल."

मी रीळ उलगडून बघितलं. आठ मीटरच्या वर तार शिल्लक होती.