जातीआधी उन्हाळा बघा
अंगणातले सोबती : भाग 6

मागच्या आठवड्यात मांजर झालं, आता कुत्रं. घरात पाच-दहा वर्षांची लेकरं आहेत, त्यांनी हट्ट धरलाय, तर पिल्लू कोणत्या जातीचं आणावं, एवढाच आजचा प्रश्न. पुण्या-मुंबईत याचं उत्तर तयार असतं: लॅब्राडोर, नाहीतर गोल्डन रिट्रीव्हर. घनसावंगीत, तीर्थपुरीत किंवा कुंभार पिंपळगावात राहणाऱ्याने ते ऐकून घ्यावं आणि मग आपल्या घरावरच्या पत्र्यांकडे एकदा बघावं. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दुपारी हे जनावर कुठे बसणार, हे ठरल्याशिवाय जातीची चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही.

लॅब्राडोरचं नाव उगाच झालेलं नाही. त्याचे पूर्वज म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांची कुत्री. गारठलेल्या पाण्यात उतरून जाळी ओढायला मदत करणारी. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी त्यांच्यापासून वेगळं कुत्रं घडवलं. गोळी लागून पडलेला पक्षी दात न रुतवता उचलायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. म्हणून तोंड मऊ, माणसाचं ऐकायची हौस आणि परक्याबद्दलही फारसा संशय नाही. मुलांच्या घरात हे गुण सोन्यासारखे. पण थंड पाण्यासाठी आलेले दुपदरी केसही त्याच अंगावर आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकतच घालवावी लागते. आजूबाजूची हवाच तापलेली असली की त्याचाही उपयोग होत नाही. दुपारी लाइट गेली, कूलर थांबला की लॅब्राडोरचे हाल सुरू.

शिवाय त्याची भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये असा जनुकीय बदल असतो की खाऊनही त्याची भूक भागत नाही. आपल्याकडे आजी एक चतकोर टाकते, आजोबा चहातलं बिस्किट देतात, लेकरं डब्यातलं उरलेलं देतात. वर्षभरात कुत्रं पिंपासारखं होतं, मग कंबर धरते. घरात फरशीची गार खोली आहे, सकाळी सहाच्या आत आणि रात्री फिरवणारं माणूस आहे आणि खाण्यावर कुणाचा तरी धाक आहे, तर लॅब्राडोर जरूर आणावा. एरवी नाही. गोल्डन रिट्रीव्हरचे केस आणखी लांब, त्यामुळे त्याचं वेगळं सांगत नाही.

बाकीच्या लोकप्रिय जातींचं थोडक्यात. ज्याला आपण पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो; 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी तोच. आपल्या हवेत तो निभावतो, दारावर चोख भुंकतो. पण जीव लहान. चार वर्षांचं पोर त्याला उचलायला जातं, पाडतं आणि मग तो दात लावतो. मुलं थोडी मोठी असतील तर चालेल. पग 2003 च्या हच कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघर आला. त्याचं नाक इतकं आखूड की गार हवेतही तो घोरतो. मराठवाड्याच्या उन्हात त्याला आणणं मला क्रूरपणाच वाटतो, आणि हे मी मवाळ भाषेत सांगतोय. जर्मन शेफर्ड हुशार खरा, पण त्याला रोज डोक्याचं आणि पायांचं काम लागतं. अंगणात साखळीला बांधलेला शेफर्ड वर्षभरात सगळ्यांवरच गुरगुरायला लागतो. पिटबुल-रॉटवायलर हल्ली रिलमध्ये झोकात दिसतात. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये अशा 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. हिसका दिल्यावर घरातल्या मोठ्या माणसाला आवरणार नाही असं कुत्रं लेकरांच्या घरात आणू नये.

आता जातीबद्दलच एक मोठी गोष्ट. अमेरिकेतल्या संशोधकांनी 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावली दिली, त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली आणि 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास भाग जातीमुळे समजावता येतो. रूप, उंची, केस हे जातीवरून ओळखता येतं. स्वभावाचं तसं नाही. ‘मुलांसाठी चांगली जात’ या शब्दांवर दुकानदार जेवढा भाव चढवतो, तेवढा आधार त्याला नाही.

मग स्वभाव कशावर ठरतो? आईवर आणि पहिल्या तीन महिन्यांवर बरंच काही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून 1965 मध्ये त्यावर जे पुस्तक काढलं, त्यातली मुख्य गोष्ट आजही टिकून आहे: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्याला बघतं, हुंगतं, ज्याच्या हाताखाली वावरतं, ते त्याला आपलं वाटतं. या काळात त्याने लहान मूल पाहिलं नाही, रडणं-ओरडणं ऐकलं नाही, तर पुढे मूल म्हणजे त्याला धोका वाटू शकतो. मात्र त्यासाठी ते महिन्याचंच उचलून आणायचं नाही. दात लावताना जोर किती, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. खोक्यात डोळे मिटून पडलेलं ‘चाळीस दिवसांचं’ पिल्लू कुणी दाखवलं तर तिथूनच परत फिरावं. आई बघायला मागावी. ती अंगावर आली किंवा भिऊन कोपऱ्यात दडली, तर पिल्लू कितीही गोंडस असो, सोडून द्यावं.

शहरातल्या दुकानात जाण्याआधी आपल्या मुलखात काय आहे तेही बघू. मराठवाड्याकडे कारवानी आणि पश्मी आहेत. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, पोट आत गेलेली ही कुत्री. कारवानीचे केस आखूड, पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर झालर. मध्य आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले असं मानतात. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे-गाढवांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध, पण तिथे कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. ज्या देवाच्या पायाशीच कुत्रं आहे त्या खंडोबाच्या यात्रेत ते असणारच. जात ओळखायला शिकायचं असेल तर मोबाइलपेक्षा तिथे जावं.

याच रक्ताचं बागलकोट जिल्ह्यातलं कुत्रं मुधोळ हाउंड म्हणून गाजलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ते जोपासलं. मालोजीराव घोरपड्यांनी त्याची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं आणि 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ऊन या कुत्र्यांना मानवतं, खाणं बेताचं, दुखणी कमी.

मग लेकरांच्या घरात कारवानी आणावी का? माझं उत्तर अर्धं हो आहे. घरच्यांशी ती मऊ असतात, पण मिठ्या मारलेल्या त्यांना आवडत नाहीत आणि परक्याचा हात तर मुळीच सोसत नाही. आवाज चढवला, काठी दाखवली की ती बिथरतात. आणि पळती वस्तू दिसली की डोळ्यांमागचा मेंदू बंद. पळती वस्तू म्हणजे कोंबडी, शेजारच्याचं करडू, सायकलवरचं पोरही. शेत आहे, रोज मोकळं पळवता येईल, मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची आहेत, तर कारवानी शोभते. गावठाणात भिंतीला भिंत लागलेल्या घरात तिला आणू नये. आणि सशाच्या मागे सोडायला ती आणत असाल, तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

राहिलं गावठी. घनसावंगी तालुक्यातल्या दहातल्या आठ घरांना मी गावठीच सुचवेन. मधल्या अंगाचं, आखूड केसांचं, ताठ कानाचं हे कुत्रं या उन्हात हजारो वर्षं तावून निघालेलं. भाकरी, दूध, अंडं, अधूनमधून मटणाचं हाड-पाणी यावर ते धडधाकट राहतं. जवळच्या माणसांत वाढलेल्या, शांत कुत्रीचं पिल्लू दोन महिन्यांनंतर आणावं. ते फुकट मिळतं, आणि फुकटचं म्हणूनच त्याला लस दिली जात नाही, ही खरी अडचण. दीड-दोन महिन्यांना पार्व्हो-डिस्टेंपरची लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस, तीन महिन्यांना रेबीजची आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध विसरू नका, कारण पिल्लाच्या पोटातले जंत अंगणातल्या मातीतून लेकरांच्या पोटात जातात. गोचिडांवर नजर ठेवा. गोचीड ताप कारवानी-गावठी बघत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य गिऱ्हाईक गाय-म्हैस-शेळी असतं, तेव्हा कुत्र्याची लस आणि सलाइन कुठे मिळेल हे पिल्लू आणण्याआधी विचारून ठेवा. गुंतागुंतीचं दुखणं असेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खायला कांदा-लसूण, चॉकलेट देऊ नये. द्राक्षंही नाहीत, आपल्या जिल्ह्यात कडवंचीची द्राक्षं घरात येतात आणि पोरं प्रेमाने कुत्र्यालाही देतात, त्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

कुत्र्याइतकंच मुलाला शिकवावं लागतं. मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचं, पुष्कळदा घरचंच असतं. जेवताना हात घातला, झोपलेल्याला मिठी मारली, पिलांजवळ गेलं, की चावा. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाबरोबर, म्हणून जखम चेहऱ्यावर होते. चावण्याआधी कुत्रं सांगत असतं: तोंड फिरवतं, ओठ चाटतं, उगाच जांभई देतं, अंग ताठ करतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं. शेवटी गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रं, दोघांनाच एका खोलीत सोडायचं नाही. लॅब्राडोर असो की देवाचं कुत्रं असो.

आणि चावलंच तर? आपल्याकडे अजून तिखट, चुना, हळद भरतात. काही भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. ओरखडा असला तरी. खोल जखमेला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लशीचे डोस ठरलेल्या दिवसांना पूर्ण करायचे, दुसऱ्यानंतर बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत 40 टक्के लेकरं 15 वर्षांच्या आतली असतात. अनेकदा ती घरी सांगतच नाहीत, कारण मार बसेल ही भीती. चावलं तर आधी येऊन सांग, मी रागावणार नाही, हे पिल्लू घरात येण्याआधीच त्यांना सांगून ठेवा.

आणायचं कधी, हे राहिलं. बहुतेक घरांत पिल्लू एप्रिल-मेच्या सुट्टीत येतं, कारण मुलं घरी असतात. हाच काळ सगळ्यात वाईट. ऊन कडक, लस अर्धवट, आणि जूनमध्ये शाळा उघडली की सोबतीची सवय लागलेलं पिल्लू दिवसभर एकटं. गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडाला वितात. दिवाळीचे फटाके संपू द्या. मग गल्लीतली, शेतातली एखादी सवयीची कुत्री हेरा, तिची पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत मुलांना रोज तिथे जाऊन नुसतं बसू द्या. संक्रांतीच्या आसपास घरी आणलेलं पिल्लू मार्चपर्यंत लशी पूर्ण करतं आणि उन्हाळा लागेपर्यंत दुपारी माठाशेजारची ओली जागा कोणती, हे त्याचं त्यालाच कळलेलं असतं.